गाडी विकली पण घेणारा न्यायलाच येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही वडिलांची वॅगनआर विकली. २०१४ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, सौदा ठरला २,३५,००० ला. गिऱ्हाईक कराडचं होतं. १४ जूनला त्याने १०,००० टोकन दिलं, २० तारखेला अजून दीड लाख खात्यावर टाकले आणि म्हणाला रविवारी येतो, बाकीचे ७५,००० देतो आणि गाडी घेऊन जातो. तो आला २५ जुलैला. टोकनपासून मोजले तर ४१ दिवस. आधी पेरणी चालू होती, मग पाऊस लागला, मग आषाढ लागला आणि "आषाढात घरात गाडी नको" असं त्याच्या आईने सांगितलं. तोवर आमची नवीन गाडी आलेली, सोसायटीत स्लॉट एकच, त्यामुळे जुनी गाडी झाडाखाली, आणि आईला रोज रात्री काळजी की एखादी फांदी पडेल.

त्या दिवसांत वकील मित्राकडे बसून कायद्याची कलमं समजून घेतली, आरटीओच्या चकरा मारल्या, आणि आता ओळखीपाळखीतलं कोणीही गाडी विकायला काढलं की मला फोन येतो. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय.

टोकन घेतलंय, पण तो येतच नाही. किती दिवस थांबायचं?

तारीख ठरली असेल तर त्या तारखेपर्यंत. ठरली नसेल तर कायदा "वाजवी मुदत" म्हणतो, आणि वाजवी म्हणजे किती हे प्रत्येक सौद्यात वेगळं. माझा हिशोब सांगतो, गाव जवळचं असेल तर सात दिवस, लांबचं असेल किंवा तो लोन काढत असेल तर पंधरा. त्यानंतर गप्प बसायचं नाही. गप्प बसलात की पुढे तो म्हणतो "तुम्हीच तर म्हणालात सावकाश या", आणि खरंच आपण फोनवर तसं बोललेलो असतो, कारण समोरचा पेरणीचं सांगतोय म्हटल्यावर आपण काय नाही म्हणणार का. म्हणून फोनवर जे बोललात ते लगेच व्हॉट्सअपवर टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही ५ तारखेला दुपारपर्यंत गाडी न्यायला येत आहात." त्याने नुसतं "हो दादा" लिहिलं तरी पुढे खूप उपयोगी पडतं.

मग टोकन जप्त करू का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर "टोकन घेताना काय ठरलं होतं" यावर आहे. इसार म्हणून घेतलं असेल, म्हणजे सौदा पक्का राहावा याची खूण म्हणून, आणि "ठरलेल्या तारखेला गाडी नेली नाही तर ही रक्कम परत मिळणार नाही" असं लेखी असेल, आणि रक्कम बेताची असेल, तर तुमची बाजू भक्कम. पण नुसता ॲडव्हान्स म्हणून, किमतीचा भाग म्हणून घेतलेले पैसे सरसकट गिळता येत नाहीत. करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या लिहिलेल्या रकमेच्या आतच.

म्हणजे आमच्या बाबतीत १०,००० वर मी हक्क सांगू शकलो असतो, दीड लाखावर नाही. खूप जणांना वाटतं "तो आला नाही ना, मग पैसे माझे". नाही हो. गाडीही तुमची आणि पैसेही तुमचे असं होत नाही. सौदा मोडला तर तुमचं खरंखुरं नुकसान किती झालं ते कागदावर मांडा, ते वजा करा आणि बाकीचे परत करा, खात्यावरच करा, रोख नको.

त्याने जवळपास सगळे पैसे दिलेत आणि गाडी माझ्या दारात आहे. गाडी आता कोणाची?

इथे दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात, म्हणून जरा नीट वाचा.

पहिला माल विक्री कायदा, १९३०. ठराविक एक वस्तू आहे, ती देण्याच्या स्थितीत आहे आणि सौदा बिनशर्त पक्का झालाय, तर पैसे किंवा ताबा नंतर द्यायचा ठरला असला तरी मालकी सौदा होतानाच जाते, दोघांनी वेगळं काही ठरवलं नसेल तर. ते "वेगळं काही" तुमच्या हातात आहे. "पूर्ण रक्कम मिळाल्यावर आणि ताबा दिल्यावर मालकी जाईल" एवढी एक ओळ लिहिली की प्रश्न मिटतो.

दुसरा मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर, तुमचं नाव आहे तोवर चलान तुमच्या मोबाइलवर येणार, पोलीस तुमच्या दारात येणार, अपघात झाला तर भरपाई ठरवणाऱ्या ट्रिब्युनलची नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार. त्यामुळे पहिल्या कायद्याने गाडी त्याची झाली असली तरी दुसऱ्या कायद्याने ती अजून तुमचीच असू शकते, आणि ही मधली अवस्था जितकी लांबेल तितका त्रास तुम्हालाच.

या मधल्या दिवसांत गाडीला काही झालं तर खर्च कोणाचा?

आमच्याकडे दोन गोष्टी झाल्या. एकोणिसाव्या दिवशी बॅटरी पूर्ण उतरली, जुनीच होती, परत चार्जच होईना, नवीन ४,२०० ची. आणि जुलैत एका सकाळी बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या बाजूला सुकलेल्या पोळीचे तुकडे, कापसासारखं काहीतरी आणि दोन वायरी कुरतडलेल्या. उंदराने घर केलं होतं. वायरमनने ३,६०० घेतले.

माल विक्री कायद्याचं कलम २६ सांगतं की मालकी ज्याची, जोखीम त्याची, पण ज्याच्या चुकीमुळे डिलिव्हरी लांबली त्याच्यामुळे जे नुकसान झालं ते त्याच्याच डोक्यावर. वेळेवर नेली असती तर झालं नसतं असं जे नुकसान ते उशीर करणाऱ्याचं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याची सांभाळायची जबाबदारी संपत नाही. म्हणजे काच उघडी ठेवून पावसात गाडी भिजू दिली आणि म्हणालात "तू उशीर केलास", तर ते चालणार नाही. आपली स्वतःची गाडी जशी सांभाळली असती तशी सांभाळायची.

मी त्याला दोन्ही बिलांचे आणि कुरतडलेल्या वायरींचे फोटो त्याच दिवशी पाठवले. बॅटरीचे पूर्ण पैसे त्याने दिले, वायरिंगचे अर्धे. अर्ध्यावर मी मान्य केलं कारण दहा दिवस मीही बॉनेट उघडून बघितलं नव्हतं, ते माझ्याकडून राहिलं होतं.

पार्किंगचं भाडं मागता येतं का?

येतं. त्याच कायद्याचं कलम ४४. तुम्ही गाडी द्यायला तयार आहात, त्याला न्यायला सांगितलंय, आणि तो वाजवी मुदतीत नेत नाही, तर त्यामुळे झालेलं नुकसान आणि सांभाळण्याचा वाजवी खर्च तुम्हाला मिळायला हवा. यात महत्त्वाचं काय तर "न्यायला सांगितलंय" याचा पुरावा. सांगितलंच नसेल तर भाडं कुठल्या दिवसापासून मोजणार? आणि वाजवी म्हणजे वाजवी. सोसायटी महिन्याला ८०० घेत असेल तर ८००. "रोजचे ५०० लावीन" असं रागात लिहू नका, त्याने तुमचीच बाजू कमजोर होते. सौदा करतानाच "अमुक तारखेनंतर रोज १०० रुपये" असं दोघांच्या सहीने ठरवलं तर सगळ्यात बरं, आणि खरं सांगायचं तर ही ओळ असली की माणूस वेळेवर येतोच.

तो म्हणतो पितृपक्ष आहे, दसऱ्याला नेतो. काय करू?

हे आपल्याकडे दरवर्षी होतं आणि यात मला तरी काही चुकीचं वाटत नाही. गणपतीत सौदा होतो, विसर्जन झालं की पितृपक्ष, मग घटस्थापना, मग दसरा. अनंत चतुर्दशीपासून दसऱ्यापर्यंत साधारण पंचवीस दिवस जातात. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा, या दिवशी गाडी घरी आणायची हौस लोकांना असते आणि असू दे. कोणी अमावस्या टाळतं, कोणी शनिवारी लोखंड घरात आणत नाही. समोरच्याच्या श्रद्धेवर वाद घालू नका, त्याने सौदा मोडतो.

फक्त थांबायची किंमत आधी ठरवा. मी आता सगळ्यांना सांगतो, मुहूर्तासाठी थांबायचंय ना, खुशाल थांबा, पण टोकनऐवजी निम्मी रक्कम आत्ता द्या, तारीख आणि वेळ लिहा, त्या दिवसापर्यंत इन्शुरन्स संपत असेल तर रिन्यू कोण करणार ते लिहा, आणि मधल्या काळात गाडी किती किलोमीटर चालेल तेही लिहा. आमच्या शेजाऱ्यांची ॲक्टिवा अशीच दसऱ्यासाठी थांबली होती, मधे पोराने ती कॉलेजला नेली, डाव्या पॅनलला ओरखडा पडला, आणि दसऱ्याच्या दिवशी हार नारळ घेऊन आलेलं कुटुंब तसंच परत गेलं. त्यांची लहान मुलगी रडत होती, मला अजून आठवतं. ओडोमीटरचा आणि चारी बाजूंचा फोटो टोकनच्या दिवशीच काढला असता आणि पोराला चावी दिली नसती तर हे झालंच नसतं.

म्हणजे मधल्या दिवसांत मी गाडी चालवायचीच नाही का?

आठवड्यातून दोनदा सुरू करा, सोसायटीत एखादी चक्कर मारा, बॅटरी आणि टायर नीट राहतात. भाजी आणायला, गावी जायला वापरू नका. पैसे घेतलेत ना त्याचे.

वैताग आलाय, दुसरं गिऱ्हाईक जास्त देतंय, देऊन टाकू का?

थांबा. आधी बघा पैसे पूर्ण आलेत का. पूर्ण आले असतील तर ती गाडी तुम्ही विकू शकत नाही, मग तो दोन महिने येऊ दे नाहीतर चार. नोटीस द्या, खर्च मागा, फारच झालं तर कोर्टातून परवानगी घ्या, पण परस्पर विकलीत तर विश्वासघाताची तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

पैसे बाकी असतील तर मार्ग आहे. माल विक्री कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे, पैसे पूर्ण न मिळालेला आणि गाडी स्वतःच्या ताब्यात ठेवलेला विक्रेता घेणाऱ्याला "मी आता दुसऱ्याला विकणार आहे" अशी नोटीस देऊन, आणि तरीही त्याने वाजवी मुदतीत पैसे दिले नाहीत तर, गाडी विकू शकतो, आणि कमी भावात गेली तर तोटा पहिल्याकडून मागू शकतो. नोटीस न देता विकली तर तोटा मागता येत नाहीच, उलट जास्तीचा भाव मिळाला असेल तर तो नफा पहिला गिऱ्हाईक मागू शकतो. म्हणून नोटीस ही टाळायची गोष्टच नाही. आणि विकल्यावर त्याचे पैसे लगेच परत.

नोटीस वकिलाकडूनच द्यावी लागते का?

नाही. साध्या मराठीत, सहीने, स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, तोच कागद व्हॉट्सअपवरही पाठवा. मी जी पाठवली ती साधारण अशी होती:

"आपण दि. १४ जून रोजी माझी वॅगनआर २,३५,००० रुपयांस घेण्याचे ठरवून आजवर १,६०,००० रुपये दिले आहेत. गाडी व कागदपत्रे तयार असून ती नेण्याबाबत मी आपणास २२ जून, २९ जून व ६ जुलै रोजी कळवले आहे. कृपया दि. २५ जुलैपर्यंत उर्वरित ७५,००० रुपये देऊन गाडीचा ताबा घ्यावा. न घेतल्यास मी गाडी दुसऱ्यास विकेन व झालेले नुकसान आपल्या रकमेतून वजा करून बाकी आपल्या खात्यावर परत करेन."

धमकी नाही, शिव्या नाहीत, फक्त तारखा आणि आकडे. हे पत्र कराडला पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला, "साहेब, श्रावण लागला की पहिल्याच दिवशी येतो". आणि आला. पतसंस्थेचं कर्ज अडकलं होतं हे तेव्हा कळलं, आषाढ हे कारण होतंच पण त्यामागे हे होतं. आधी सांगितलं असतं तर मीच म्हणालो असतो थांब बाबा.

तो म्हणतो आधी गाडी नावावर करून द्या, मग नेतो.

तो लोन घेत असेल तर बँकेला आरसीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढवायची असते, त्यामुळे मागणी खोटीच असते असं नाही. झेरॉक्स द्या, पण बँकेचे पैसे तुमच्या खात्यावर आल्याशिवाय सही केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि मूळ आरसी हातातून सोडू नका. आणि कोऱ्या फॉर्मवर सही तर कधीच नाही, एजंट कितीही म्हणू दे "सर तारीख नंतर टाकतो". तुमच्या गाडीवर जुना बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा. बऱ्याचदा उशीर घेणाऱ्यामुळे नाही, आपल्याच कागदांमुळे होतो: पेंडिंग चलान, संपलेली पीयूसी, दुसऱ्या आरटीओत न्यायची तर एनओसी, एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे सगळं जाहिरात टाकायच्या आधी करून ठेवा.

उलटं झालंय, गाडी नेली पण नावावरच करून घेत नाही.

हे न नेण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. विक्री झाली की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तो फॉर्म २९, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत ट्रान्सफर मागायचं असतं, तो फॉर्म ३०. आपण काय करतो, दोन्ही फॉर्म त्याच्याच हातात देतो आणि निवांत होतो. फेब्रुवारी २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात गाडी २००७ मध्ये विकलेली, मधे अजून हात बदललेले, २००९ मध्ये अपघात झाला, आणि तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली, कारण नाव बदललंच नव्हतं. म्हणून फॉर्म २९ ची पोच तुम्ही स्वतः घ्या आणि ऑनलाइन नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. त्याला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका.

पोलिसात जाऊ का? ग्राहक मंचात?

गाडी न नेणं हा गुन्हा नाही, दिवाणी भानगड आहे, त्यामुळे पोलीस फार तर दोघांना बोलावून समजावतील. ग्राहक मंच (आता ग्राहक आयोग) दोन खासगी माणसांच्या जुन्या गाडीच्या सौद्यासाठी नाही. दावा दिवाणी कोर्टात, तीन वर्षांच्या आत. पण पाच-दहा हजारांसाठी कोर्टात जाण्याआधी दोन्हीकडच्या एखाद्या वडीलधाऱ्याला मधे बसवा, आमचं तसंच मिटलं.

मधे एजंट असेल तर?

टोकन एजंटने घेतलंय का तुम्ही, ते आधी बघा. एजंटच्या अंगणात गाडी उभी असेल तर चावी देताना पावती घ्या, किलोमीटर लिहून. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथरायझेशन घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. ती नोंद करायला तयार नसेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

मीच घेणारा आहे आणि मलाच उशीर होतोय.

मग खरं कारण सांगा. पैसे जमले नाहीत हे सांगायला लाज वाटते आणि आपण पावसाचं सांगतो, पण विकणाऱ्याचाही जागेचा, पैशाचा प्रश्न असतो. थोडी रक्कम अजून द्या, नवीन तारीख लेखी मागा, जमत असेल तर गाडी घरी आणून ठेवा आणि पूजा मुहूर्तावर करा. आणि न्यायच्या आधी इन्शुरन्सची तारीख बघा. ट्रान्सफरनंतर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, थर्ड पार्टी कव्हर आपोआप तुमच्याकडे येतं पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही.

ताबा देताना काय लिहून घ्यायचं?

डिलिव्हरी नोट दोन प्रतींत, त्यात गाडी नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, रक्कम, किती चाव्या, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, त्याच्या आधार आणि लायसनची झेरॉक्स. स्टॅम्प पेपरवर करायचं तर ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा लागतो. दोन लाख किंवा त्यावर रोख घेऊ नका, इन्कम टॅक्सला चालत नाही.

आणि वेळ लिहा, नुसती तारीख नाही. आम्ही लिहिलं "२५ जुलै, दुपारी ४ वाजून १० मिनिटं". गाडी निघाली, आई गेटपर्यंत गेली, आणि तीन दिवसांनी माझ्या मोबाइलवर ओव्हरस्पीडचं चलान आलं, सातारा रोडचं, त्याच संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटांचं. मी डिलिव्हरी नोटचा आणि चलानचा फोटो शेजारी शेजारी लावून त्याला पाठवला. तासाभरात त्याने भरलं आणि पावती पाठवली.

फास्टॅगचं काय?

गाडी गेटबाहेर जायच्या आधी बंद करा. वॉलेटमधले पैसे परत मिळतात. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हीसुद्धा तुमचीच असते, गाडीबरोबर जात नाही, इन्शुरन्सवाल्याकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं, नवीन गाडीला लावता येतं.